छातीवरचा पट्टा : माउंट वॉशिंग्टनच्या हिवाळी चढाईतली एक माघार

माउंट वॉशिंग्टनची उंची १,९१७ मीटर, कळसूबाईची १,६४६. फरक अवघा २७१ मीटरचा. दादानं हा हिशेब मांडला तेव्हा आम्ही बॉस्टनजवळच्या त्याच्या घरी चहा पीत बसलो होतो, आणि तो मला इतका पटला की फेब्रुवारीतला एक शनिवार तिथल्या तिथे ठरला. आता त्या आकड्याचा राग येतो. वजाबाकी बरोबरच होती, तिच्यावरून आम्ही जे काढलं ते चुकलं.

ही शिखर न गाठता परत आलेल्या एका दिवसाची नोंद आहे. कुणाचा जीव गेला नाही, बचाव पथक आलं नाही, एका व्यक्तीच्या चार बोटांवर निभावलं. अशा दिवसाचा सहसा कुणी हिशेब ठेवत नाही, कारण संध्याकाळपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. आमचाही झाला होता. पण नंतर तिघांनी बसून घड्याळाच्या काट्यानुसार तो दिवस पुन्हा मांडला, तेव्हा किश्श्यात न येणाऱ्या बऱ्याच गोष्टी सापडल्या.

माणसं तीन. दादा माझा मावसभाऊ, वय सत्तेचाळीस, सह्याद्रीत मुरलेला. अलंग-मदन-कुलंग तीन वेळा, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं, शिवाय मोजदाद नसलेले पावसाळी ट्रेक. वहिनी आमच्यात सगळ्यात तंदुरुस्त, वर्षातून दोन अर्धमॅरेथॉन धावणारी. मी दोन हिवाळे लहानसहान टेकड्यांवर बर्फात चालायला शिकलेला. बर्फाचा अनुभव म्हणाल तर माझाच जास्त, आणि डोंगराच्या बाबतीत शब्द चालणार दादाचा. ही विसंगती कुणी बोलून दाखवली नाही. घरातल्या थोरल्याला कोण बोलून दाखवतो?

डोंगर आणि त्याचा वारा

न्यू हॅम्पशायरमधला हा डोंगर अमेरिकेच्या ईशान्य भागातला सर्वांत उंच. तो ४४ अक्षांशावर आहे आणि वादळांच्या नेहमीच्या वाटा त्याच्या आसपास एकमेकींना भेटतात. माथ्यावर १९३२ पासून वेधशाळा आहे, तिथे वर्षभर माणसं राहतात. १२ एप्रिल १९३४ ला त्यांनी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला. हा जागतिक उच्चांक १९९६ पर्यंत टिकला. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावर चक्रीवादळात ४०८ ची नोंद झाली. ४ फेब्रुवारी २०२३ ला वॉशिंग्टनच्या माथ्यावर तापमान उणे ४४ अंश सेल्सिअसला गेलं, आणि वाऱ्यासकट अंगाला जाणवणारी थंडी उणे ७८. हे टोकाचे दिवस झाले. नेहमीच्या हिवाळी दिवशीसुद्धा माथ्यावरच्या वाऱ्याची सरासरी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असते.

झाडी १,४०० मीटरच्या सुमारास संपते. त्यापुढे खुरटी झुडपं, बर्फ, खडक आणि लगोरीसारखे रचलेले वाटेचे दगड. आडोसा म्हणून काही नाही. माथ्यावर इमारत आहे, उन्हाळ्यात तिथपर्यंत मोटारीचा रस्ता जातो, १८६९ पासून दातेरी रुळांवरची रेल्वेही आहे. पण हिवाळ्यात ती इमारत लोकांसाठी बंद असते. वर पोचलो की टेकायला जागा मिळेल, ही आपली गडावरच्या देवळाची सवय इथे उपयोगी पडत नाही.

आम्ही पिंकहॅम खिंडीतून टकरमन रॅव्हिन या घळीच्या वाटेनं निघून पुढे लायन हेड या खडकाळ सोंडेवरच्या हिवाळी वाटेला लागणार होतो. टकरमनची वाट शिखरापर्यंत ६.८ किलोमीटरची, चढ सुमारे १,३०० मीटर. लायन हेडमार्गे अंतरात फार फरक पडत नाही. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथनं १८९२ मध्ये चालीचा एक ठोकताळा दिला: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबानं साडेतीन तास होतात. आम्ही त्यावर बर्फाचे दोन तास चढवले, उतरायला तीन धरले, सकाळी सातला निघायचं ठरवलं आणि कागदावर दुपारी साडेतीनला गाडीत बसलो. सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास. शिवाय एक नियम ठरला : दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. कागद चांगला होता.

आदल्या रात्री वेधशाळेचा उंच शिखरांसाठीचा अंदाज वाचला. सकाळी वारा ताशी ५५ ते ७०, दुपारनंतर वाढत ९५ ते ११० पर्यंत, तापमान दिवसभर घसरतं, आकाश बहुतांशी मोकळं. हिमस्खलनाचा अंदाजही पाहिला, तो आमच्या वाटेपुरता ठीक होता. ‘आकाश मोकळं’ हे दोन शब्द तिघांच्याही डोक्यात बसले आणि ११० हा आकडा कुणाच्याच बसला नाही. दादा म्हणाला, “दुपारनंतर ना? तोवर आपण खाली.”

सव्वाआठ

सातला आम्ही वाहनतळावर होतो, निघालो सव्वाआठला.

मधल्या पंचाहत्तर मिनिटांत काय केलं, तर दादाचे भाड्यानं आणलेले क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात पकड देणारे धातूचे दात, त्याच्या बुटांना बसवत होतो. मापाची पट्टी मागे-पुढे करायला एक छोटा स्क्रू होता आणि तो हातमोजे घालून फिरत नव्हता. हातमोजे काढले की दोन मिनिटांत बोटं बधिर. मग पाळी पाळीनं. मी फिरवायचा, दादा गाडीच्या हीटरवर हात शेकायचा, नंतर उलट. हे काम आदल्या रात्री गरम खोलीत दहा मिनिटांचं होतं. आदल्या रात्री आम्ही पत्ते खेळलो.

तिथेच निघायची वेळ आणि मागे फिरायची वेळ दोन्ही पुढे ढकलायची, किंवा शिखर सोडून झाडी संपते तिथवरच जायचं ठरवायचं, असे दोन शहाणे मार्ग होते. आम्ही तिसरा धरला, भरभर चालायचा. पहिले २.७ किलोमीटर रुंद, दाबून घट्ट झालेल्या बर्फाची वाट आहे. झाडी आहे, वारा नाही. ते साधारण ५२० मीटरचं चढणं आम्ही एक तास वीस मिनिटांत काढलं, म्हणजे नेस्मिथच्या उन्हाळी चालीपेक्षाही थोडं लवकर. पाठीवर सॅक, अंगावर जाड जॅकेट. दादा पुढे, खुशीत. मी घामाघूम. वहिनी मागून एकदा म्हणाली, “भाऊजी, जरा थांबून एक कपडा काढू का?” मी म्हटलं, “वळणावर थांबूच ना, पाच मिनिटांत.” ती पाच मिनिटं पस्तीस झाली. हे वाक्य मी घडलेल्या दिवसाच्या नोंदीत लाल पेननं लिहून ठेवलंय.

बर्फात घाम येऊ देऊ नये, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि मलाही पाठ होतं. पण आपण घाम म्हणजे पाठीचा समजतो. हातमोज्यांच्या आतला घाम लक्षात येत नाही. वहिनीनं आतून पातळ लोकरी मोजे आणि वरून चार बोटं एकत्र राहणारे जाड मोजे घातले होते. झाडीत, चढावर, त्या जोडीत तिचे तळहात भिजले. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे लोकरी मोजा ओला झाला की त्याची ऊब बरीच कमी होते. तिच्या सॅकमध्ये कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी होती, अगदी तळाशी.

लायन हेडच्या फाट्यावर २५ मिनिटं क्रॅम्पॉन चढवण्यात गेली. घामेजल्या अंगानं बर्फात उभं राहिलं की पाठीवरून गार पाण्याचा हात फिरतो. तिघांनाही हुडहुडी भरली, मग चढायला लागल्यावर गेली. ही सोंड खडी आहे. आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, रोवत, झाडांच्या मुळांना धरत, एकेक पाऊल ठोकत जावं लागतं. दादा इथे फार सुंदर चढला. कातळावरची त्याची जुनी जाण बर्फात तशीच्या तशी उतरलेली दिसत होती, आणि हे कबूल करायलाच हवं, की त्या दीड तासात मला त्याच्या मागे सुरक्षित वाटत होतं. पण झाडी संपायच्या आत थांबून, जास्तीचे कपडे चढवून, गॉगल लावून, खाऊन-पिऊन मगच उघड्यावर जायचं, ही इथली रीत त्याला माहीत नव्हती. मला होती. त्याची लय तोडावीशी वाटली नाही, म्हणून मी गप्प राहिलो. शेवटच्या झाडापासून पन्नास पावलांवर, वाऱ्यात, जॅकेटवर जॅकेट चढवायची कसरत मग तिघांनी केली. वहिनीचं एक पातळ आवरण हातातून सुटलं आणि दरीकडे निघून गेलं. त्याला पडताना बघितलंच नाही, ते आडवंच गेलं.

पट्टा

अकरा पन्नासला लायन हेडच्या खडकावर. समोर शिखराचा शंकू, त्यावरचे मनोरे उन्हात लखलखत होते. आकाश निळंभोर. फोटो काढले असते तर कुणालाही हेवा वाटला असता. काढले नाहीत, कारण दादाचा फोन खिशातून बाहेर काढल्यावर मिनिटभरात बंद पडला. थंडीत बॅटरी अशीच दगा देते.

याच सोंडेशी जोडलेली एक जुनी हकीगत आहे. जानेवारी १९८२ मध्ये ह्यू हर आणि जेफ बॅट्झर ही सतरा आणि वीस वर्षांची मुलं शेजारच्या हंटिंग्टन घळीतून बर्फ चढून वर आली. हवा बिघडत असताना शिखराकडे वळली, पांढऱ्या धुक्यात दिशा चुकली आणि डोंगराच्या भलत्याच बाजूला, ग्रेट गल्फ नावाच्या खोऱ्यात उतरली. तीन रात्री बाहेर काढल्यावर ती जिवंत सापडली. हरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. पुढे तो एमआयटीत कृत्रिम पायांवर काम करणारा नामवंत संशोधक झाला. त्यांचा शोध घ्यायला गेलेल्या पथकातला अल्बर्ट डाऊ लायन हेडच्या वाटेवर हिमस्खलनात गेला, वय २८. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. खडकावर उभं राहून मी ते दोघांना सांगणार होतो, पण वाऱ्यात बोलणं ऐकू जाईना. त्यांच्या हवेत धुकं होतं, आमच्या हवेत ऊन, आणि ऊन असलं की माणूस अशा गोष्टी स्वतःला लावून घेत नाही.

लायन हेडनंतर वाट जरा सपाट होते. त्या सपाटीवर वारा आमच्या अंदाजानं ताशी ६५ तरी असावा, तापमान उणे १७. या दोन आकड्यांचं मिळून उघड्या त्वचेला जाणवणारं तापमान उणे ३३ च्या आसपास येतं. अशा हवेत उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठायला लागू शकते. चालताना तिरकं रेलावं लागत होतं आणि झोत थांबला की तोल विरुद्ध बाजूला जायचा.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी एका मोठ्या खडकाआड थांबलो. मी ओरडून विचारलं, “ठीक ना?” दादानं हात हलवला. वहिनीनं अंगठा दाखवला. त्या जाड मोज्यात अंगठा वेगळा असतो, तो वर करायला बोटांना काही करावं लागत नाही.

ती पाणी प्यायली नव्हती. तिच्या सॅकमधल्या पिशवीची नळी झाडी संपल्यावर पहिल्या काही मिनिटांतच गोठली होती. सॅकमध्ये उलटी ठेवलेली बाटली होती. उलटी अशासाठी, की बर्फ वरच्या बाजूला, म्हणजे बुडाशी धरतो आणि झाकण मोकळं राहतं. तरी ते झाकण जाड मोज्यांनी फिरेना. तिनं मोजे काढले, झाकण फिरवलं, दोन घोट घेतले, दादाच्या आईनं संक्रांतीला पाठवलेला तिळगुळाचा लाडू तोंडात टाकला. तो गोटीसारखा गालात तसाच राहिला. सगळं मिळून दीडेक मिनिट. मग सॅक खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो.

वीस-पंचवीस पावलांवर मला तिच्या छातीवरचा पट्टा फडफडताना दिसला. सॅकचे दोन बंद छातीवर जोडणारा, टक् असा आवाज करून लागणारा, साधा प्लास्टिकचा पट्टा. वाऱ्यात सॅक एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून तो लावावाच लागतो, आणि वहिनी या बाबतीत काटेकोर. पट्ट्याची दोन्ही टोकं तिच्या हनुवटीवर फटफट आपटत होती आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. दोन्ही हात मुठी करून काखेत धरले होते.

मी जवळ जाऊन म्हटलं, “वहिनी, पट्टा लावा.”

तिनं प्रयत्न केला. मोजे घालून, मग उजवा मोजा काढून. दोन टोकं समोरासमोर आली, पण चिमटीत धरताच येईनात. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “होत नाहीये.” एवढंच. तिच्या बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पिवळट पांढरी झाली होती, उजव्या हाताची चार.

दादा परत आला. मी म्हटलं फिरूया. तो म्हणाला, “एक वाजायला पंचवीस मिनिटं आहेत. आपलं एकचं ठरलंय.” हे मला अजूनही विलक्षण वाटतं. आम्हाला लवकर मागे फिरवण्यासाठी केलेला नियम तो आम्हाला पुढे नेण्यासाठी वापरत होता, आणि तसं बघितलं तर नियमाच्या भाषेत तो बरोबर होता. एवढ्यात तोंड पूर्ण झाकलेले दोघे आमच्या बाजूनं वर निघून गेले. त्यांच्याकडे बोट दाखवून दादा काहीतरी बोलला, ते वाऱ्यानं नेलं.

मी वाद घातला नाही. वहिनीचा हात धरून त्याच्या गालाला लावला. त्यानं झटक्यात मान मागे घेतली. मग जॅकेटची चेन अर्धी उघडली, तिचे दोन्ही हात स्वतःच्या काखेत घेतले आणि वाऱ्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला. नंतर म्हणाला, बर्फात ठेवलेली मासळी हातात घ्यावी तसं लागलं. पाचेक मिनिटांनी म्हणाला, “चला खाली.” बारा चाळीस.

उतरताना

सोंडेचा खडा भाग उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. मध्ये दादाच्या क्रॅम्पॉनचा दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकला आणि तो तोंडावर पडला. दहा फूट घसरून एका झाडाच्या बुंध्याला अडला. लागलं नाही. एरवी असा पडणारा तो नव्हे.

झाडीत शिरल्यावर वहिनीच्या सॅकच्या तळातून कोरडे मोजे काढले. बोटं चोळली नाहीत, चोळू नयेत, कातडी आतून फाटते. पुन्हा काखेत. रक्त परत यायला लागलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो त्रास कुणाला सांगून समजत नाही, असं ती म्हणते. हा हिमदंशाचा पहिला, वरवरचा टप्पा होता. त्यात कातडी बधिर होते पण गोठून मरत नाही. टोकांवरची कातडी पुढच्या दोन आठवड्यांत सोलून निघाली, आणि दोन बोटांना थंड काचेचा ग्लास आजही जरा लवकर लागतो.

तीन पन्नासला गाडीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात दादाचा हेडटॉर्च सापडला. म्हणजे वर आमच्याकडे तिघांत दोनच होते.

गाडी गरम करत बसलो असताना ते तोंड झाकलेले दोघे उतरून आले, हसत. शिखर करून आले होते. दादानं माझ्याकडे बघितलं, बोलला नाही.

नंतर मांडलेला हिशेब

पुढच्या रविवारी तिघं बसलो. दादाचा मुद्दा पहिल्यापासून एक होता: डोंगरानं हरवलं नाही, स्क्रूनं हरवलं. सातला निघालो असतो तर शिखर झालं असतं. मला हे अर्धं पटतं. पंचाहत्तर मिनिटं उशीर झाला, तो भरून काढायला वेग वाढवला, वेगानं घाम आला, घामानं मोजे भिजले, वर नळी गोठल्यानं मोजे काढावे लागले आणि ओल्या बोटांना वारा लागला. साखळीची पहिली कडी गाडीपाशीच होती, यात वाद नाही. पण सातला निघूनही ती नळी गोठलीच असती, आणि कपडा काढायला थांबू का या प्रश्नाला मी पाच मिनिटांत असंच म्हटलं असतं. आम्ही तिघं ज्या पद्धतीनं एकमेकांशी बोलत होतो, ती सातच्या सुरुवातीनं बदलणार नव्हती.

मी उलटा हिशेब मांडला. आम्ही मागे फिरलो तिथून शिखर साडेतीनशे मीटर चढाचं होतं. आमच्या त्या वेळच्या गतीनं पावणेदोन तास, म्हणजे शिखरावर दोन पंचवीस. एक वाजता आम्ही शंकूच्या पायथ्याशी, मनोरे आणखी मोठे दिसताहेत अशा जागी असतो. तिथून आम्ही फिरलो असतो? दादा प्रामाणिक आहे, तो म्हणाला नसतो. तीन वाजता वारा अंदाजाप्रमाणे शंभराच्या आसपास, तापमान उणे वीस धरलं तर जाणवणारी थंडी उणे ४०. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, तेव्हा ६५ च्या जागी १०० म्हणजे अंगावरचा दाब दुपटीहून जास्त. झाडीत परतायला साडेचार, आणि खडी सोंड उतरता उतरता अंधार. दोन टॉर्च, आणि अ‍ॅक्स धरता न येणारी एक व्यक्ती. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणानं अडकलेल्यांकडून बचावाचा खर्च राज्य वसूल करू शकतं. २५ डॉलरचं हाइक सेफ कार्ड काढलं तर साध्या चुकीपुरतं त्यातून संरक्षण मिळतं. आम्ही तेही काढलेलं नव्हतं. पैशांची गोष्ट सगळ्यात शेवटची, पण तयारी कुठल्या दर्जाची होती ते यावरून दिसतं.

ते दोघे गेले आणि सुखरूप आले, याला काय उत्तर? काही नाही. त्यांची बोटं कोरडी असतील, ते सातला निघाले असतील. ते वर गेले यावरून आम्ही जाऊ शकलो असतो असं निघत नाही, आणि गेलो असतो तर नक्की बिघडलं असतं असंही मी छातीठोक सांगू शकत नाही.

वहिनी हे सगळं ऐकत होती. मी तिला विचारलं, बोटं बधिर झाली होती तर अंगठा का दाखवला?

“भाऊजी, तुम्ही विचारलंत ‘ठीक ना?’ त्याला दुसरं काय उत्तर असतं? कुणाकडे गेल्यावर ‘जेवून आलात ना?’ विचारतात, तेव्हा आपण हो म्हणतो की नाही? पोटात काही असो नसो.”

मग थोडं थांबून म्हणाली, “शिवाय माझ्यामुळे परत फिरलो असं व्हायला नको होतं. ह्यांचं मन कळत होतं मला.”

सगळ्या चर्चेत मला हेच सगळ्यात उपयोगी वाटलं. वारा आणि तापमान मोजायला वेधशाळा आहे. शेजारच्या माणसाचे हात किती गार आहेत हे मोजायला फक्त प्रश्न आहे, आणि आमचा प्रश्न ‘हो’ वदवून घेणारा होता. थंडी मेंदूलाही चढते, त्यामुळे ज्याला ती लागलीय त्यालाच विचारून निदान करणं तसंही बेभरवशाचं. खूण बाहेरून बघावी लागते. धडपडणं, चाचपडणं, पुटपुटणं, चिडचिडणं : शरीराचं आतलं तापमान उतरायला लागलं की या चार गोष्टी दिसतात. त्या दिवशी वहिनीचं चाचपडणं आम्ही पाहिलं. दादाचं पडणं आणि घड्याळावरून अडून बसणं याच यादीत मोडतं का, हा प्रश्न मी त्याच्यासमोर विचारला. त्याला तो आवडला नाही. अजूनही आवडत नाही.

आता आम्ही ‘ठीक ना?’ विचारत नाही. करायला सांगतो. प्रत्येक थांब्यावर मोजा काढून अंगठा करंगळीला टेकवायचा, मग स्वतःच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दाखवायची. दहा सेकंद लागतात, दोन्ही हात तपासले जातात आणि कुणाला काही कबूल करावं लागत नाही. एकाला जमलं नाही तर तिथेच सगळे थांबतात, मोजे बदलतात. दुसऱ्यांदा जमलं नाही की परत. मत विचारायचं नाही. कोरडे मोजे सॅकच्या वरच्या कप्प्यात. क्रॅम्पॉन आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर बुटांना बसवायचे, आणि बसवल्यावर बूट घालून जिना चढून दाखवायचा. या शेवटच्या कलमावर वहिनीनं दोन पायऱ्यांचे ओरखडे पाहून दुरुस्ती सुचवली, आता बाहेर अंगणात.

एकचा नियम आम्ही ठेवला आहे, पण त्याचा अर्थ बदलून. एक ही शेवटची वेळ आहे, तिच्या आधी कधीही फिरता येतं, आणि फिरायला एकाचं मत पुरतं. दादानं हे मान्य केलं, फक्त ‘एकाचं’ म्हणताना त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं.

वहिनीनं त्या आठवड्यात आणखी एक केलं. जाड मोज्यांनीही धरता यावी म्हणून प्रत्येक चेनच्या टोकाला बोटभर लांब दोरी गाठ मारून बांधली. सॅकच्या चेनला, तिघांच्या जॅकेटच्या चेनला, मुलांच्या दप्तरांनाही. दादाच्या ऑफिसच्या कोटाला लाल रंगाची बांधली आहे. तो ती सोडत नाही.